आमची वाटचाल : घड्याळातून जमीन वजा करताना

सात रस्त्याच्या एका छोट्या गाळ्यात २०११ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने शर्यतीच्या घोड्यांच्या वेळा पारखण्याचं हे काम सुरू केलं. मी तेव्हा लालबागला गणिताचे क्लास घ्यायचे. तो पहाटे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाऊन ट्रॅकवर्कच्या, म्हणजे घोड्यांच्या सरावाच्या, वेळा टिपायचा. वह्या भरल्या होत्या, पण आज ७१ सेकंदांत आलेला घोडा महिन्यापूर्वी ७० मध्ये आलेल्यापेक्षा सरस की कमी, हे वहीतून कळत नव्हतं. तेच शोधायला आम्ही बसलो.

आज आम्ही घोडामालक आणि ट्रेनर यांना स्पीड रेटिंगचे, म्हणजे वेळेवरून काढलेल्या घोड्याच्या वेगाच्या आकड्यांचे, तक्ते देतो. टिपा देत नाही, कधी दिल्याही नाहीत.

हिशेब असा. धावपट्टी चांगली असताना विजेत्यांनी घेतलेल्या वेळा जमवून प्रत्येक अंतराची प्रमाण वेळ काढायची. समजा १२०० मीटरची ती ७० सेकंद, आणि आपला घोडा आला ७१.२ मध्ये. हळू पळाला म्हणावं, तर त्या दिवशीच्या सगळ्याच शर्यती, घोड्यांचा वर्ग धरूनही, फर्लांगमागे (साधारण २०० मीटर) पाव सेकंदाने मंद! म्हणजे जमीन जड होती. जमिनीपायी द्यायची ही सूट म्हणजेच गोइंग अलाउन्स. सहा फर्लांगांचा दीड सेकंद वजा केला की उरतात ६९.७. घोडा प्रमाणापेक्षा ०.३ सेकंद सरसच. सेकंदाला पाच लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी) धरल्या की झाली दीड लेंग्थ. रेटिंग मांडायचं वजनात, म्हणून १२०० मीटरला आम्ही लेंग्थमागे १.२ किलो धरतो, म्हणजे १.८ किलो. डर्बीच्या २४०० मीटरला तीच लेंग्थ ०.६ किलोची, कारण लांब पल्ल्यात तेवढंच वजन घोड्याला जास्त मागे ओढतं. शेवटी त्यात घोड्याच्या पाठीवरचं वजन मिळवायचं.

जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा असतोच, पण मी त्याच्याशी फक्त पडताळून बघते. शर्यतीआधी मोजलेली जमीन संध्याकाळपर्यंत तशीच राहते असं नाही.

हे मला दुसऱ्या वर्षी पुण्याच्या पावसाळी हंगामात कळलं. चौथ्या शर्यतीनंतर जोराची सर आली. मी मात्र सबंध दिवसाची एकच सरासरी काढली. आधीच्या घोड्यांना नको तेवढी सूट मिळाली, नंतरच्यांना हवी तेवढी मिळाली नाही. सातव्या शर्यतीत आमच्या एका छोट्या मालकांची एकुलती एक घोडी होती. तक्त्यात तिचं रेटिंग घसरलेलं बघून त्यांनी ती विकली. पुढे जुने दिवस तपासताना मी सरीआधीचे आणि सरीनंतरचे आकडे वेगळे केले, तर घोडी आपल्या जागी होती. हात गार पडले. दुसऱ्याच दिवशी दोन्ही कागद घेऊन त्यांच्या घरी गेले आणि चूक सांगितली. ते बराच वेळ कागद बघत राहिले.

तेव्हापासून भाऊ प्रत्येक शर्यतीसमोर पाऊस, रेल (धावपट्टीचं आतलं कुंपण) कुठे सरकवली, सगळं टिपतो. रेल बाहेर घेतली की वळणावर घोड्याला जास्त पळावं लागतं. २०२० मध्ये शर्यती थांबल्या तेव्हा जुन्या सगळ्या दिवसांचे अलाउन्स आम्ही पुन्हा काढले.

त्या मालकांकडे आता दुसरी घोडी आहे. शर्यतीच्या संध्याकाळी तक्ता जायच्या आधीच त्यांचा फोन येतो : ‘‘ताई, आज अलाउन्स एक की दोन?’’