भीड आणि भागीदारी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी आणि माझ्या मित्राची भागीदारीतली जॉबवर्कची, म्हणजे इतर कंपन्यांचे सुटे भाग मजुरीवर करून देण्याची, कार्यशाळा आहे. दोन व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी उभी यंत्रे), एक सीएनसी लेथ (तसेच चालणारे कातकामाचे यंत्र) आणि नऊ कामगार एवढाच पसारा. तंत्रनिकेतनापासूनची मैत्री असल्यामुळे कामाची वाटणी बोलता बोलताच ठरली होती: यंत्रे, माणसे आणि मापे मी सांभाळायची, ग्राहक, बिले आणि वसुली त्याने. करारनाम्याचा मसुदा सनदी लेखापालांकडून तयार मिळाला आणि तो आम्ही दोघांनीही नीट न वाचताच सही करून कपाटात ठेवला.

दोन वर्षांपूर्वी त्याने एका ग्राहकाला सातशे फ्लँज (पाइप जोडायच्या भोकांच्या चकत्या) पंधरा तारखेला पोहोचवण्याचा शब्द फोनवर दिला. त्याच आठवड्यात एका व्हीएमसीचे स्पिंडल, म्हणजे कापणारे हत्यार फिरवणारा मुख्य दांडा, दुरुस्तीला गेले होते. ते दोन दिवसांत परत येईल, मग उगाच त्याच्या डोक्याला ताप कशाला, अशा विचाराने मी त्याला काहीच सांगितले नव्हते. त्यानेही तारीख देण्यापूर्वी मला विचारले नाही, कारण मी नाही म्हणणार नाही, हे त्याने गृहीत धरले होते. माल नऊ दिवस उशिरा गेला, ग्राहकाने बिलातून रक्कम कापून घेतली आणि त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही एकमेकांशी सुपरवायझरमार्फत बोलत राहिलो. एकाच केबिनमध्ये, समोरासमोरच्या टेबलांवर बसून हे चालले होते. त्या बिचाऱ्या सुपरवायझरला त्या महिन्यात वेगळा भत्ता द्यायला हवा होता.

कपाटातला करारनामा मी पहिल्यांदा वाचला तो त्या तीन आठवड्यांत, आणि त्यापाठोपाठ 1932 चा भारतीय भागीदारी कायदाही. धंद्याच्या कामात प्रत्येक भागीदार हा पेढीचा प्रतिनिधी असतो, असे कलम 18 सांगते. म्हणजे त्याने फोनवर दिलेली तारीख ही मीच दिलेली तारीख होती आणि रागावून तिच्यापासून मला हात झटकता येणार नव्हते. पेढीशी संबंधित गोष्टींची पूर्ण माहिती एकमेकांना देण्याचे बंधन मात्र कलम 9 ने माझ्यावरही घातलेले आहे, आणि स्पिंडलची गोष्ट मी दडवली होती. सर्वांत अडचणीचे वाटले ते कलम 12. रोजच्या कारभारातला मतभेद बहुमताने मिटवावा, असे ते म्हणते, पण दोघांच्या पेढीत बहुमत कुठून आणायचे?

पैशांचाही एक जुना काटा त्याच वेळी बाहेर आला. टूलिंगसाठी, म्हणजे यंत्रांना लागणाऱ्या कटर वगैरे हत्यारांसाठी, मी भांडवलाव्यतिरिक्त चार लाख रुपये घातले होते. त्यावर मला बँकेच्या ठेवीइतके तरी व्याज मिळेल, असे मी मनात धरून होतो, तर मित्राने दिलेल्या पैशांना व्याज कसले, असे तो समजत होता. करारनामा याबाबत गप्प होता आणि अशा वेळी कलम 13 नुसार सालीना 6 टक्के मिळतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्याकडे चार वर्षे मुक्कामाला होती.

आता गुरुवारी, वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही सकाळी दोन तास केबिनमध्ये बसतो. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी आणून पुजलेली आणि संगणकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आल्यापासून कोरीच राहिलेली लाल कापडी बांधणीची वही त्यासाठी काढली आहे. बंद असलेले यंत्र, थकलेली येणी आणि दोघांची उचल त्यात लिहिली जाते. शिवाय माझ्या हातची नोंद झाल्याशिवाय कोणत्याही ग्राहकाला तारीख सांगायची नाही, असे पहिल्याच पानावर ठरले आहे. सुरुवातीला हे मला फार परकेपणाचे वाटले. कटिंग चहा पिता पिता ज्याच्याशी घरच्या कर्जापर्यंत सगळे बोलतो, त्याच्याकडून पाच हजारांच्या उचलीवर सही कसली घ्यायची, असे वाटून पहिले काही गुरुवार मी पेन त्याच्या हातात न देता नुसता टेबलावर ठेवत असे.

गेल्या गुरुवारी तिसऱ्या व्हीएमसीचा विषय निघाला. त्याला ते कर्ज काढून या दिवाळीपूर्वी हवे आहे, आणि आहेत त्या दोन यंत्रांना दुसऱ्या पाळीचे काम मिळेपर्यंत माझी तयारी नाही. वहीत त्याने त्याच्या अक्षरात हप्त्याचा हिशेब मांडला, त्याखाली मी गेल्या तीन महिन्यांत यंत्रे किती तास रिकामी राहिली ते लिहिले, आणि विषय पुढच्या गुरुवारवर गेला.