स्ट्रॅफर्डचा शेतकरी आणि सांवेरचे सोयाबीन

भाद्रपदात इंदूरजवळच्या सांवेरच्या शेतावर गेलो की बाबा सोयाबीनचे एक झाड मुळासकट उपटीत, मुळावरची गाठ नखाने फोडीत आणि आत गुलाबी रंग दिसला की समाधानाने म्हणत, "नत्र धरतंय." आजोबांच्या काळी हेच रान पावसाळाभर पडीक असे, कारण काळ्या जमिनीत बैल रुतत आणि सारी भिस्त रब्बीच्या गहू-हरभऱ्यावर असे. बाबांना ही गाठ फोडून पाहायला शिकवले ते इंदूरच्या शेतकी महाविद्यालयाने. ते ज्या जबलपूरच्या कृषी विद्यापीठाखाली होते, ते १९६४ साली अमेरिकेतील 'लँड-ग्रँट' म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांच्या धर्तीवर उभे राहिले. मध्य प्रदेशात सोयाबीन रुजवण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत इलिनॉय विद्यापीठाचा हात होता, आणि तेही लँड-ग्रँटच.

या परंपरेमागे जस्टिन मॉरिल हा माणूस आहे, हे मला फार उशिरा कळले. त्यांचा जन्म १८१० साली व्हरमाँट राज्यातील स्ट्रॅफर्ड या खेड्यात, एका लोहाराच्या घरी झाला. पैशाअभावी महाविद्यालयाचे तोंडही पाहता आले नाही. दुकानदारीत चार पैसे गाठीला बांधून अठतिसाव्या वर्षी ते धंद्यातून मोकळे झाले, स्वतः आराखडा काढून गुलाबी रंगाचे घर बांधले आणि शेती-बागेत रमले. १८५५ साली ते अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात गेले. पुढची आयात करांची आणि अर्थसमितीची कामेही मोठीच आहेत, पण माझे मन अडते ते एकाच विधेयकापाशी.

शेतकऱ्या-कारागिरांच्या मुलांना शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे किमान एक महाविद्यालय प्रत्येक राज्यात असावे, आणि त्यासाठी केंद्राने त्या राज्याच्या दर संसद-सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी, जिच्या विक्रीतून कायमचा निधी उभा राहील, अशी ती योजना होती. १८५९ साली ती संसदेत मंजूर झाली, तर अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरला. मॉरिल यांनी ती पुन्हा मांडली. दक्षिणेकडील राज्यांचे विरोधक यादवी युद्धामुळे सभागृहाबाहेर गेले होते, आणि २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांची सही झाली. सुमारे पावणेदोन कोटी एकर जमीन या कामी लागली. ती बहुतांशी मूलनिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही इथे सांगितलेच पाहिजे. त्यांच्या वाट्याला या विद्येतले फारसे काही आले नाही.

काळ्या विद्यार्थ्यांनाही दक्षिणेत बहुतेक ठिकाणी दारे बंदच होती. म्हणून १८९० साली, ऐंशी वर्षांच्या मॉरिल यांनी दुसरा कायदा करवून घेतला : वर्णावरून प्रवेश नाकारायचा नाही, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळे महाविद्यालय काढायचे, तरच पैसा मिळेल. दक्षिणेकडील राज्यांनी वेगळेपणाच पत्करला, पण त्यातून उभ्या राहिलेल्या संस्था आजही चालू आहेत. २८ डिसेंबर १८९८ रोजी मॉरिल वारले, तेव्हाही ते सिनेटचे सदस्य होते. त्यांना मूठमाती मिळाली ती स्ट्रॅफर्डमध्येच.