ज्वारीवर ज्वारी आणि चाळणीतले बीजाणू

जानेवारीतली गोष्ट. मंगळवेढ्याकडचे एक आबा सोलापूरच्या आमच्या माती प्रयोगशाळेत दोन पिशव्या घेऊन आले. एकीत आडव्या झालेल्या मालदांडी ज्वारीची ताटं, मुळं-मातीसकट. त्या रानात वर्षानुवर्षं ज्वारीवर ज्वारीच. दुसरीत बांधापलीकडच्या रानातली ज्वारी. तिथं हरभरा, करडईचा फेर असतो.

"मॅडम, रान दमलंय का खत कमी पडतंय, तेवढं सांगा."

आडवं झालेलं ताट बुंध्याशी उभं चिरलं. आतला गर गेलेला, नुसते धागे, त्यांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. खडखड्या रोग. मॅक्रोफोमिना बुरशीचे हे कण धसकटांबरोबर मातीत राहतात आणि दाणे भरताना ओल तुटली की रोग उसळतो. एवढं आबांनाही ठाऊक होतं. मला कुतूहल होतं दुसऱ्या बुरशीचं, मुळांत राहून पिकाला स्फुरद आणून देणाऱ्या मायकोरायझाचं.

मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवून ट्रिपॅन ब्लूने रंगवली, माती पाण्यात कालवून ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर धरली. ज्वारीवर ज्वारीच्या रानात बुरशीचे बीजाणू खच्चून! सहकारी म्हणाली, "माती तर झकास दिसतेय." पण भिंगाखाली बहुतेक सगळे एकाच ठेवणीचे, एकाच रंगाचे. फेरपालटाच्या रानात कमी, पण पिवळे, तपकिरी, बारीक, मोठे. मुळांत मात्र उलटं चित्र. साखर आणि स्फुरदाची देवाणघेवाण जिथं चालते त्या फांदीदार रचना ज्वारीच्या रानात अगदी तुरळक.

सतत मका किंवा सोयाबीन घेतलेल्या अमेरिकी शेतांबद्दल १९९२ मध्ये असाच तर्क मांडला गेला होता. तेच पीक येत राहिलं की भराभर बीजाणू धरणाऱ्या बुरशा माजतात. त्या पिकाची साखर घेतात, पण परत देताना हात आखडतात. अर्थात दोन पिशव्यांवरून काही सिद्ध होत नाही. रोगट मुळांत मायकोरायझा तशीही कमी दिसू शकते.

शिवाय आपली काळी रानं खरिपात पड असतात, आणि ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या काळ्या जमिनीतही लांब पडीनंतर पीक स्फुरदाला मुकतं.

"मग हरभरा टाकू?" आबा म्हणाले. "पण कडब्याचं काय? जनावरं हरभरा बघून गप बसत्यात व्हय?"

रास्त होतं. त्यात मॅक्रोफोमिना हरभऱ्याचीही मुळं कुजवते, म्हणजे नुसत्या फेरपालटावर भिस्त नको. ओढ्याकडच्या खोल तुकड्यात जूनचा पाऊस साधला तरच मूग, त्यावर सप्टेंबरात ज्वारी, असं ठरलं. बाकी रानात ओल धरायला बंदिस्त वाफे, ज्वारी विरळ आणि युरियाला लगाम. युरियावर आबा बराच वेळ भांडले.