सॅक कुणी भरायची?

"आई, तू भरलीस तर अंधारात मला बॅटरी कशी सापडणार?"

काल रात्री लेकीने हे विचारलं आणि माझा हात तिच्या सॅकमध्येच थांबला. त्यांच्या गटाचं दोन दिवसांचं शिबिर आहे, राजमाचीला. नऊ वर्षांची आहे, पहिल्यांदाच आमच्याशिवाय तंबूत झोपणार.

मी सगळं नीट रचलं होतं. कानटोपी, ओडोमॉस, ताट-वाटी-पेला, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या. नोव्हेंबरात राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला दुपारी ऊन चटकतं, पण रात्री तिथल्या श्रीवर्धन-मनरंजन या दोन किल्ल्यांच्या खाली गारठा चांगलाच झोंबतो, म्हणून दोन स्वेटर.

तिने सगळं पलंगावर ओतलं. मग एकेक वस्तू हातात घेऊन, मोठ्याने नाव घेत, पुन्हा भरली. बॅटरी बाहेरच्या कप्प्यात. डोळे मिटून दोनदा काढून पाहिली! दुसरा स्वेटर मात्र माझ्या हातात परत आला. "एक पुरे."

इतकी वर्षं तिची शाळेची बॅगही मीच भरत आले. तिला काय कुठे आहे हे कळावं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

रात्री दोनदा वाटलं, तो स्वेटर गुपचूप आत सरकवावा. नाही सरकवला.

आज पहाटे बस सुटली. स्वेटर अजून खुर्चीवरच आहे. तुम्ही काय केलं असतं?