तुम्ही विचारलंत म्हणून: आजीव सभासदांकडून परत पैसे कशाला?

आमच्या व्यापारी संघटनेची मी 9 वर्षं खजिनदार आहे आणि वार्षिक सभेत, दुकानात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच प्रश्न येतो, की ताई, आम्ही आजीव सभासद, एकदा पैसे भरले, मग आता दरवर्षी 300 रुपये कशाचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगते.

1995 च्या सुमाराला आजीव वर्गणी होती 1001 रुपये आणि वार्षिक 100. तेव्हा बँकेत एफडीला 12 टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, म्हणजे तुमच्या हजाराचे वर्षाला 120 यायचे, वार्षिक वर्गणीपेक्षा जास्तच. 2020 ला दर साडेपाचच्या खाली आला. हजाराचे 55 पण नाहीत, आणि ऑडिटरची फी, ऑफिसचं भाडं, लाइट बिल, पावत्या फाडणाऱ्या काकांचा पगार हे सगळं वाढतच गेलं.

पण खरी चूक वेगळीच आहे. मागे जुनी खतावणी काढून बसले होते, लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. 2003 च्या पानावर आजीव वर्गणी सरळ उत्पन्नात धरलेली आणि समोर खर्चाला हॉलचे पत्रे. म्हणजे जे कायम निधीत टाकून नुसतं व्याज वापरायचं, ते मुद्दलच छपराला गेलं. कुणी पैसे खाल्ले नाहीत, पत्रे आजही आहेत. पण आजीव वर्गणी हे उत्पन्न नाहीच हो, ते संघटनेच्या डोक्यावरचं देणं आहे, तुम्ही दुकानात बसताय तोवर फेडायचं.

2013 ला एलबीटीविरोधात, म्हणजे महापालिकेच्या स्थानिक संस्था कराविरोधात, राज्यभर दुकानं बंद होती तेव्हा वर्गणी भरायला इतके जण आले की आमची पावतीपुस्तकं संपली, नवी छापून आणावी लागली. 1 ऑगस्ट 2015 पासून वर्षाला 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, आणि पुढच्या मार्चला वार्षिकवाले निम्मेसुद्धा फिरकले नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण 2017 ला जीएसटी आल्यावर छोट्या दुकानदारांना रिटर्न भरून द्यायला जो मुलगा बसवला त्याचा पगार शिलकीतून गेला.

आता तुमच्या 300 मधले 100 वेगळ्या खात्यात, कायम निधीत जातात. त्याला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय हात लावायचा नाही असा ठराव झालाय. ताळेबंद ऑफिसात टेबलावर ठेवलाय, 11 ते 1 मध्ये कधीही या, मी स्वतः दाखवते.