थोडं जातंच

नवरात्राची पाचवी माळ होती. संध्याकाळी सव्वासातला खालच्या कॅज्युअल्टीतून आमच्या बायकांच्या वॉर्डात एक पेशंट वर आली. केसपेपरवर लिहिलेलं होतं, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव, तीन दिवस. मी केसपेपर वाचला, स्ट्रेचरवरच्या तोंडाकडे बघितलं आणि केसपेपर परत वाचला. ही बाई माझ्या ओळखीची होती. तेरा दिवसांपूर्वी आमच्याच थिएटरमध्ये तिची पिशवी काढली होती. वॉर्डात सात दिवस तिचं सगळं मी केलं होतं, आणि सुट्टी देताना कार्ड हातात ठेवून चार गोष्टी सांगितल्या होत्या त्याही मीच. जिला गर्भाशयच उरलं नाही तिला पाळी येणार कुठून?

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे. नोकरीची चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ याच वॉर्डात गेली.

स्ट्रेचरपासून चार हात लांब तिची सासू उभी होती. मी नाडी बघायला हात पुढे केला तशी म्हणाली, “सिस्टर, शिवू नका तिला. बाजूला हाय ती. घरात घट बसल्यात.”

म्हणजे तिसऱ्या माळेला रक्त दिसलं आणि घरात सगळ्यांनी ती पाळीच धरली. घटाच्या दिवसांत पाळीची बाई घरात वावरत नाही. तिला पडवीत पटकूर टाकून दिलं, ताट-तांब्या वेगळा दिला. सून ऑपरेशनची आहे म्हणून सासूने तिला दोन्ही वेळा गरम भाकरी आणि शेपूची भाजी दिली, पण लांबून. अंगाला कुणी हात लावला नाही. ताप आलेला कुणाला कळला नाही. अंधारात कापडाच्या घड्या ती एकटी बदलत होती. पाचव्या माळेला दुपारी पोरगी तांब्या द्यायला गेली तर आई डोळे उघडेना, तेव्हा दिराने जीप आणली.

नाडी १२८. रक्तदाब ८० वर ५०. तळहात पांढरे पडलेले, खालची पापणी ओढली तर कागदासारखी. मी लुगडं बाजूला केलं. ओटीपोटावर आडवा टाका होता, छान जुळलेला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी तेवढा पदर बाजूला केला असता तर पाऊण तास वाचला असता. सासूने ‘पाळी लई चाललीय’ म्हटलं, त्यांनी ते तसंच लिहिलं, रक्त थांबायचं एक इंजेक्शन दिलं आणि सकाळची सोनोग्राफी लिहिली. मुलगा नवा आहे, सरकारी सेवेच्या बाँडवर आलाय, त्या दिवशी त्याने शंभरावर पेशंट तपासले होते हे मला माहीत आहे. तरी सांगते, बाईच्या पोटाला हात न लावता बायकांचा रोग लिहायची सवय पुरुष डॉक्टरांना फार लवकर लागते, आणि ती कुणी मोडत नाही.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना फोन केला. त्या वीस मिनिटांत आल्या. तोवर मला दोन सलाईन लावायची होती. एवढं रक्त गेलेल्या बाईच्या शिरा सापडत नाहीत, त्या आत बसतात. मनगटावर वेळ घालवला नाही. कोपराच्या खोबणीत पट्टा बांधून, डोळे बाजूला ठेवून बोटाने चाचपलं. बोटाखाली दोरीसारखं काहीतरी सरकलं आणि अठरा नंबरचा हिरवा कॅन्युला पहिल्या टोचणीत आत गेला. दुसऱ्या हातालाही तसाच. त्याच वेळी रक्ताचे नमुने काढले, ग्रुप आणि क्रॉसमॅचची चिठ्ठी लिहून वॉर्डबॉय मामांना पळवलं. लघवीची नळी टाकली. हिमोग्लोबिन ५.२ आलं. आमच्या साठवण केंद्रात तिच्या गटाची एकच पिशवी होती. दुसरी जिल्ह्याहून यायला रात्रीचे साडेअकरा वाजले.

मॅडमनी स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून धरायचं साधन, घालून बघितलं तेव्हा दिवा मी धरला होता. आधी गुठळ्या निघाल्या, मुठीएवढ्या, वास येणाऱ्या. त्या पुसल्यावर वरची शिवण दिसली. पिशवी आणि पिशवीचं तोंड काढल्यावर योनीचा वरचा शेंडा शिवून बंद करतात, पोत्याचं तोंड दाभणाने शिवावं तसा. आम्ही त्याला व्हॉल्ट म्हणतो. पोटावरचा टाका सगळ्यांना दिसतो, हा आतला टाका कुणालाच दिसत नाही. तिथे जंतुसंसर्ग झाला की दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला शिवणीच्या कडा सैल पडतात आणि रक्त सुरू होतं. तिचं तेच झालं होतं. डाव्या कोपऱ्यातून रक्त पाझरत होतं. बीटाडीनमध्ये भिजवलेल्या पट्टीचा एकेक थर मॅडम आत बसवत गेल्या, मी पट्टी सोडत गेले. अँटिबायोटिक शिरेतून सुरू केली. पट्टीने थांबलं नाही तर थिएटरमध्ये घ्यायचं किंवा अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजला पाठवायचं, म्हणून १०८ ला सांगून ठेवलं होतं. दहा वाजता पॅड कोरडं राहिलं. अकरा वाजताही कोरडं.

तेव्हा मी बाहेर सासूकडे गेले. रागावूनच गेले होते. म्हटलं, “मावशी, पिशवी काढल्यावर पाळी येत नाही, हे सांगितलं नव्हतं का मी? तीन दिवस काय बघत बसलात?”

ती म्हणाली, “तुम्हीच म्हणला होतात ना बाई, थोडं जातंच म्हणून. भ्यायचं न्हाई म्हणला होतात.”

मी म्हटलं होतं. प्रत्येकीला म्हणते. आणि ते खरंही आहे. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे गुलाबी, तपकिरी डाग लागतात, आतले टाके विरघळताना मध्येच थोडं जास्तही जातं. बायका घाबरून रात्री-अपरात्री येऊ नयेत म्हणून आम्ही ‘थोडं जातंच’ हे वाक्य पाठ केलेलं. पण सासूची पिशवी तिशीतच काढलेली, तिचंही तेव्हा महिनाभर गेलेलं. सुनेला आधी महिन्याचे पंधरा-पंधरा दिवस जात होतं, मोठ्या गाठी होत्या, हिमोग्लोबिन सातवर आल्यावर ती आमच्याकडे आली होती. या दोघींच्या हिशोबात ‘थोडं’ म्हणजे किती, हे मी विचारलंच नव्हतं. लुगड्याच्या चार घड्या रात्रीतून भिजणं हे त्या घरात थोडंच होतं.

आणि कार्ड? कार्ड इंग्रजीत. टाके आठव्या दिवशी, दीड महिना अवजड उचलू नये, फॉलोअप एसओएस, म्हणजे गरज पडली तर या. हे एसओएस नवऱ्याने औषधाचं नाव समजून मेडिकलवाल्याला दाखवलं होतं, ते मला नंतर कळलं. चौदा वर्षांत मी असली हजारो कार्डं भरली आहेत.

आमच्या जिल्ह्याच्या पिशव्या सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. २०१९ मध्ये बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. ते व्हायलाच पाहिजे होतं. पांढऱ्या पाण्यासाठी आलेल्या पंचविशीच्या पोरीला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढणारे होतेच, त्यांच्या पेशंट मी पाहिल्यात. पण तेव्हा कॅमेरा घेऊन आलेला प्रत्येकजण किती काढल्या एवढंच विचारत होता. काढल्यानंतर बाई घरी कुठल्या खोलीत झोपते, पाणी कोण भरतं, तिच्या मनात काय काय येतं, हे विचारायला कुणी आलं नाही. ही बाई तर गरजेपोटी ऑपरेशन झालेली होती. सगळं नियमाने, चांगल्या हातांनी. आणि ती पडवीत मरायला टेकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी काढली. रक्त आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि बोलायला लागली. तिचं ऐकून आजूबाजूच्या खाटांवरच्याही बोलायला लागल्या. पहिल्या सात दिवसांत तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. आता मीच खाटेवर बसून राहिले तेव्हा एकेक निघाला.

पहिला प्रश्न: “पिशवी काढली तिथं आता पोकळ राहिलं का? कूस बदलली की आत काहीतरी हलतं.” मी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. आतडी त्या जागेत सरकून बसतात, पोकळी राहत नाही. हलतं ते आतडं आणि वारा. त्यासाठीच पहिल्या दिवसापासून चालवतो. मग तिने विचारलं, पाणी किती प्यायचं. घरी दिवसाला दोन तांबे दिले होते, पाण्याने टाका ओला राहून पिकतो म्हणून. भात बंद, वांगं-बटाटा बंद. पाणी पोटात गेलं की टाक्याला लागत नाही हो. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, बाई कुंथते, आणि कुंथण्याचा सगळा जोर त्या आतल्या शिवणीवर येतो. हे मी आता डिंकाच्या लाडवाआधी सांगते.

शेजारच्या खाटेवरच्या बाईची पिशवी आणि दोन्ही अंडाशयं एकेचाळिसाव्या वर्षी काढावी लागली होती. तिला रात्री अंगातून वाफा निघत, घामाने चोळी भिजे. घरी म्हणत होते, बाहेरची बाधा आहे. अंडाशयं गेली की पाळी जाण्याचं वय एका रात्रीत येतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत आणि वाफा थांबाव्यात म्हणून गोळ्या असतात, त्या तिला चालतात का हे मॅडमना विचार, असं मी सांगितलं. आमच्या पेशंटची अंडाशयं ठेवली होती. तिला वाटत होतं सगळंच गेलं, आता आपण बाई राहिलो नाही. हे सांगताना तिने तोंड भिंतीकडे केलं.

मग सासू पाणी आणायला गेल्यावर तिने हळूच विचारलं, “मालकांना कळंल का, सिस्टर? आतून?” मी म्हटलं, नाही कळत. मात्र शिवण भरेपर्यंत दोन महिने जवळ जायचं नाही, आणि आता तुझ्या बाबतीत मॅडमनी तपासल्याशिवाय नाहीच. ती म्हणाली, हे तुम्ही त्यांनाच सांगा. मी नवऱ्याला व्हरांड्यात बोलावलं. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आपण काय जनावर हाव का बाई.” त्याच्या खिशात तपासणीचा रिपोर्ट होता, पिशवीचा. ऑपरेशनच्या दिवशी ट्रेमध्ये पिशवी दाखवली की नातेवाइकांचं समाधान होतं, नंतरचा रिपोर्ट न्यायला दहातला एखादाच येतो. तो दोनदा हेलपाटा घालून घेऊन आला होता. गाठी साध्या निघाल्या होत्या.

सासूला मी शेवटच्या दिवशी हाताला धरून आत नेलं आणि टाका दाखवला, पॅड दाखवलं. कोरडं पॅड, डाग लागलेलं पॅड, आणि एक पाण्यात लाल औषध कालवून पूर्ण भिजवलेलं. म्हटलं, हे एवढं तासाभरात भिजलं, गुठळी पडली, घाण वास आला, ताप आला, लघवी आपोआप गळायला लागली, पायाची एक पोटरी सुजून दुखायला लागली, तर घट असो की दिवाळी, गाडी करायची. तिने भिजलेलं पॅड हातात धरून वजन बघितलं. म्हणाली, “ह्याच्या दुप्पट होतं बाई ते.” आणि तिथेच खाली बसली. पडवीत तिला टाकली म्हणून रडली. मला तिच्यावर ओरडल्याचं वाईट वाटलं.

तेव्हापासून ती तीन पॅडं मी डिस्चार्जच्या टेबलाच्या खणात ठेवते, दर वेळी नव्याने करून. कार्डावर खाली मराठीत मोठ्या अक्षरात लिहिते. पिशवी काढल्यावर कधीच पाळी येत नाही, रक्त आलं तर ती पाळी नव्हे. नव्या डॉक्टरांनीही आता माझ्याकडून हे वाक्य घेतलंय, आणि ते आता पोट बघतात.

दिवाळी झाल्यावर तिच्या नवऱ्याच्या नंबरावरून फोन आला. ती ऊसतोडीला फडावर होती. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, नवरा एकटा गेला तर अर्धा कोयता धरतात, म्हणून दोघंही गेले होते. आत्तापर्यंत ती कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, स्वयंपाक करत होती, वाढं म्हणजे उसाचे शेंडे बांधत होती. म्हणाली, “सिस्टर, कार्डावरचा दीड महिना होऊन गेला. मोळी उचलू का?”

माझ्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं. दीड महिन्यानंतर रोजची कामं सुरू करावीत, असं आमच्या पुस्तकात आहे. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई नव्हती. मी तिला थांब म्हटलं, मॅडमना विचारलं आणि परत फोन लावला. रक्त पडल्यापासून तीन महिने धर, म्हणजे संक्रांत. संक्रांतीपर्यंत ऊस तोड, पण बसत-उठत. मोळी डोक्यावर घ्यायची नाही, हंडा नाही, भरलेली बादली एका हाताने नाही.

“मोळी मालक घेत्याल,” ती म्हणाली. “पण खाडा धरतो मुकादम, गाडी भरायला उशीर झाला की.”

मी म्हटलं, मुकादमाला फोन दे. तिने फोन नवऱ्याकडे दिला, त्याने मुकादमाकडे. मी माझं नाव, दवाखान्याचं नाव सांगितलं, या बाईला दोन पिशव्या रक्त चढवलंय, संक्रांतीपर्यंत डोक्यावर ओझं दिलं तर पुन्हा फाटेल, असं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मागे ट्रॅक्टर चालू होता. मग म्हणाला, “सिस्टर, माझ्या टोळीत आजून चार बाया हायत पिशवी काढलेल्या. एकीचं तर दसऱ्यात झालंय. त्यांचं काय करू?”

मी म्हटलं, त्यांना एकेकीला फोनवर दे.