लोअर आर्मचा मागचा बुश

शुक्रवार, रात्री

गाडीचे स्टेअरिंग ढिले झाले आहे, असे मी गेले काही महिने घरी सांगत होतो. पण नेमके बोलायचे तर ते ढिले झालेले नाही. स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, म्हणजे टाय रॉडचे, टोक किंवा त्याला हलवणारा रॅक झिजला की चाक न हलता स्टेअरिंग बोटभर इकडेतिकडे फिरते, आणि माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये तसे काहीच होत नाही. होते ते असे की पवईच्या बाजूने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर लेन बदलताना स्टेअरिंग फिरवले की गाडीचे तोंड क्षणभर जागच्या जागी राहते आणि मग एकदम वळते, त्यामुळे दिलेले वळण थोडे परत घ्यावे लागते. ब्रेक जोरात दाबला की गाडी थांबते चांगली, पण थांबता थांबता किंचित डावीकडे ओढते. २०१७ साली भारतात आलेल्या या गाडीत दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २३० पीएस शक्ती पुढच्याच दोन चाकांना देते. म्हणजे ओढणे, वळवणे आणि बहुतांशी थांबवणे ही तिन्ही कामे त्याच जोडीकडे आहेत. ती चाके जिथे रबराच्या आधाराने गाडीला जोडलेली आहेत तिथले रबर वयोमानाने थकले, की ते या तिन्ही कामांत जाणवायला लागते.

उद्या भांडुपच्या गॅरेजमध्ये हे रबरी आधार, म्हणजे बुश, बदलायचे ठरले आहे. पुढचे, मागचे, सगळेच पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे, टाकून मोकळा हो, असा सल्ला मित्रांनी दिला होता. तो मी मानलेला नाही, आणि का मानला नाही ते आजच लिहून ठेवतो, कारण उद्या नवे सामान समोर दिसल्यावर मोह आवरणे कठीण जाईल.

बुश ही वस्तू दिसायला अगदीच मामुली आहे: एकीत एक अशा दोन धातूच्या नळ्या आणि त्यांच्या मधे पक्के चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते आणि आतल्या नळीतून बोल्ट जातो. चाक वरखाली होते तेव्हा रबर पिळले जाते. कुठेही काही घासत नाही, म्हणून त्याला ग्रीस लागत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही. पुढच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, आकार साधारण इंग्रजी एल अक्षरासारखा असतो. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, चाकाच्या जवळपास रेषेत पुढचा बुश, आणि त्याच्या मागे दुसरा, आकाराने मोठा बुश. वळणावर येणारा आडवा भार मुख्यतः पुढचा बुश घेतो, म्हणून तो मुळातच कडक असतो. मागच्याकडे निराळे काम आहे. चाक खड्ड्यात आदळले की त्याला मागे ढकलणारा धक्का बसतो, आर्म पुढच्या बुशाभोवती किंचित फिरतो, आणि मागचा बुश बाजूला दबून तो धक्का पचवतो. त्यासाठीच त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. या सोयीची किंमत मात्र स्टेअरिंगला मोजावी लागते: चाक मागे सरकते, टाय रॉड होता तिथेच राहतो, आणि चालकाने काहीही न करता चाकाचा टो, म्हणजे त्याचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, बदलतो. रबर नवे असेपर्यंत ही हालचाल मर्यादेत असते आणि दोन्ही बाजूंना सारखी असते. ते फाटले की दोन्ही चाके आपापल्या मर्जीने हलू लागतात. माझ्या गाडीचे ब्रेक लावताना डावीकडे ओढणे बहुधा यातूनच आले आहे.

मऊ बुश म्हणजे कंपनीने वाचवलेले पैसे, असे मानणाऱ्यांना मी नेहमी पोर्शेच्या ९२८ चे उदाहरण देतो. १९७७ साली आलेल्या त्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये, वळणावर घाबरून पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला असता मागचे चाक बाहेर न वळता किंचित आत वळावे, अशी व्यवस्था जोडणीच्या लवचिकतेतूनच साधली होती. वाइसाख अॅक्सल म्हणून ती ओळखली जाते. १९९१ च्या सित्रोएन झेडएक्सने तर साध्या, स्वस्त मागच्या अॅक्सलला रबरी माउंटांवर बसवून वळणात थोडेसे वळण्याची मुभा दिली होती. कोणत्या दिशेला किती द्यायचे आणि कोणत्या दिशेला अजिबात द्यायचे नाही, हे अशा बुशांत हिशेबाने ठरवलेले असते. पॉलियुरेथेनचा भरीव बुश सगळ्या दिशांना जवळपास सारखाच कडक असतो. गाडीत बसणाऱ्या रबराचा कडकपणा शोर ए मापावर साधारण ५० ते ७० असतो, तर पॉलियुरेथेनच्या बुशांचा ८० ते ९५. शिवाय ते नळीला चिकटवलेले नसते, नळीवर घासत फिरते. म्हणजे ग्रीस आले आणि लहान खड्ड्यांवरचा अडखळता चटकाही आला.

मागच्या सस्पेन्शनला हात न लावण्याचे कारण तेच. फोर्डने १९९८ च्या फोकसमध्ये जी पातेवजा ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून धरणारा लांब दांडा) असलेली मल्टिलिंक, म्हणजे अनेक दांड्यांची, रचना आणली, त्याच विचाराची रचना पाचव्या पिढीच्या गोल्फपासून फोक्सवॅगन समूहाच्या अशा गाड्यांत आली. त्या आर्मच्या पुढच्या बुशाला एकाच वेळी पिळावेही लागते आणि तिरपेही व्हावे लागते. तिथे कडक पॉलियुरेथेन कोंबले तर सस्पेन्शन मोकळे हलणार नाही, आणि जो ताण बुशाने घ्यायचा तो पोलादी पात्यावर जाईल.

तेव्हा निर्णय असा: पुढच्या आर्मचे पुढचे बुश मूळ रबराचेच, नवे, मागचे तेवढे पॉलियुरेथेनचे, आणि तेही रस्त्यावरच्या वापरासाठीच्या, त्यातल्या त्यात मऊ प्रकारातले. ट्रॅकसाठी असलेले काळे, ९५ कडकपणाचे बुश घेऊन लालबहादूर शास्त्री मार्गावरून रोज जाणाऱ्या माणसाच्या चिकाटीचे मला कौतुक आहे, पण माझी पाठ वेगळी आहे.

शनिवार

मिस्त्री देवगडकडचे आहेत, बोलतात कमी. गाडी लिफ्टवर घेऊन त्यांनी पहारीसारखा लांब टॉमी मागच्या बुशाजवळ घातला आणि हलकेच दाब दिला. उजवीकडे आर्म जेमतेम हलला. डावीकडे मात्र आतली नळी सरळ बाजूला सरकली आणि रबरातली फट तोंड उघडल्यासारखी दिसली. “ह्याच्यात काय राहिलंय साहेब?” एवढेच ते म्हणाले.

आर्म काढून शेजारच्या लेथवाल्याकडे प्रेसवर बुश काढून आणला, तेव्हा तो हातात घेऊन नीट पाहता आला. चंद्रकोरीच्या आकाराची जी पोकळी मुळात असते तिच्या एका टोकापासून चीर निघून ती जवळजवळ नळीपर्यंत पोहोचली होती. रबराच्या उघड्या कडेवर बारीक जाळीदार भेगा होत्या, नखाने खरवडले की काळी भुकटी पडत होती. आतली नळी मध्यभागी नव्हतीच, एका अंगाला कलली होती. बाहेरच्या कड्यावर गंज चढला होता. समुद्राकाठच्या शहरात चार महिने पाण्यात चालणाऱ्या गाडीला हे चुकत नाही. बुश दाबून काढताना तो गंज आर्मच्या भोकात खरवडा पाडतो, म्हणून मिस्त्रींनी ते भोक बारीक पॉलिश पेपरने साफ करून घेतले आणि कापड फिरवून मगच नवा बुश हातात घेतला.

पॉलियुरेथेनच्या बुशाबरोबर ग्रीसची पुडी येते. ते ग्रीस सिलिकॉनचे, पांढुरके आणि इतके चिकट असते की बोट उचलले तर तार निघते. गॅरेजच्या डब्यातले नेहमीचे ग्रीस फासण्याचा विचार पोऱ्याच्या मनात आला होता, तो मिस्त्रींनीच हाणून पाडला, कारण नेहमीच्या ग्रीसला ना पाण्यापुढे इतका टिकाव असतो, ना बुशाशी त्याचे जमेल याची खात्री. बुशाच्या आतल्या बाजूला जे बारीक खाचांचे नक्षीकाम असते ते ग्रीस धरून ठेवण्यासाठीच, म्हणून तिथे हात आखडता घेतला नाही.

खरी कसोटी पुढच्या रबरी बुशाचा बोल्ट आवळण्याची होती. गाडी लिफ्टवर असताना चाके खाली लोंबकळतात; त्या स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर उतरताक्षणी रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. आम्ही सकाळीच, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून काचेवर मार्करने लिहून ठेवले होते. आता आर्मखाली जॅक लावून चाक तेवढेच वर आणले, आणि मग टॉर्क रेंच, म्हणजे मोजून जोर लावणारा पाना, लागला. बोल्ट नवे होते, कारण ते ठरावीक टॉर्क दिल्यावर आणखी काही अंश फिरवून ताणायचे असतात आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. “सगळे हवेतच आवळतात, मग रबर फाटलं की सामानाला नावं ठेवतात,” मिस्त्री रेंच पुसता पुसता म्हणाले. दिवसभरातले त्यांचे हे सर्वांत लांब वाक्य होते.

मंगळवार

काल अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, घेतले. बुश बदलल्यावर चाकाची बसण्याची जागा सूक्ष्म बदलते, त्यामुळे हे केल्याशिवाय गाडीबद्दल मत बनवण्यात अर्थ नव्हता. टो कंपनीच्या मर्यादेतच, शून्याच्या जवळ ठेवला.

आज पहाटे वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत गेलो आणि परत आलो. तिथे सरळ भागातही वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि कॅमेरे आहेत, म्हणून वेगाचा प्रश्नच नव्हता. पण स्टेअरिंगचा तीक्ष्णपणा अजमावायला वेग लागतोच असे नाही. हाजीअलीच्या इंटरचेंजचे रॅम्प गोल फिरत जातात, आणि तिथे ताशी चाळीसलासुद्धा फरक स्पष्ट जाणवला. स्टेअरिंगचे वजन तेच आहे. ते इलेक्ट्रिक मोटर ठरवते, बुश नव्हे. बदलला आहे तो मधला काळ. हात वळला की तोंड वळते, आणि एकदा दिलेला कोन पुन्हा दुरुस्त करावा लागत नाही. मलबार हिलखालच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर मोकळा रस्ता पाहून एकदा ब्रेक मुद्दाम जोरात लावून पाहिला. गाडी रेषेत थांबली.

दादरला पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावरून जाताना मात्र हिशेब मिळाला. पूर्वी धप्प असा गोल आवाज यायचा, आता टक् असा कोरडा येतो, आणि काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे तळपायाला मोजता येतात. सहन होण्यासारखे आहे. सगळे बुश असे असते तर झाले नसते.

जुलैतला एक रविवार

पाऊस धरला आहे. अपेक्षेप्रमाणे डाव्या बाजूने स्पीडब्रेकरवर कुरकुर सुरू झाली; सोसायटीचा वॉचमन लांबूनच माझी गाडी ओळखू लागला आहे. मिस्त्रींनी आर्मचा बोल्ट सोडवून बुश पुन्हा ग्रीसने भरला आणि आवाज गेला. पावसाळा संपल्यावर हे काम एकदा करावे लागणार, हे धरूनच चालायचे.

लिफ्टवर असताना मागचे ट्रेलिंग आर्मचे बुशही पाहिले. फाटलेले नाहीत, पण उजवीकडच्या रबराच्या कडेला भेगांची सुरुवात आहे. त्या जागेसाठी मूळ रबराचेच बुश मागवले आहेत. “गणपतीला मी गावाला जाणार, त्याच्या आधी गाडी आणून टाका,” असे मिस्त्रींनी बजावले आहे.